रिश्ता पक्का करण्याआधी एक रक्ततपासणी

सहा-सात महिन्यांपर्यंत बाळ छान होतं. मग त्याचा रंग फिका पडू लागला. दूध नको म्हणायचं, सारखं चिडचिड करायचं, पोट मात्र फुगलेलं दिसायचं. दादीने नजर उतरवली. कुणी दात येत असतील म्हणालं, कुणी टॉनिक सुचवलं. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं जेमतेम चार. पुढच्या तपासण्यांत आजाराचं नाव कळलं, थॅलेसेमिया मेजर. तेव्हापासून त्या घराचं कॅलेंडर बदललं. दर तीन आठवड्यांनी इस्पितळ आणि दर तीन आठवड्यांनी रक्ताची एक पिशवी. ईद असो, परीक्षा असो, घरात लग्न असो, ती तारीख चुकवता येत नाही.

आपल्यापैकी अनेकांनी असं एखादं घर पाहिलं असेल. आणि त्या घरात आजाराइतकंच दुखणारं एक वाक्यही ऐकलं असेल. सून रडत बसलेली असते आणि कुणीतरी म्हणतं, "आमच्या खानदानात असं कधीच नव्हतं. हे तुझ्या माहेरचं रक्त."

हे वाक्य खरं नाही. ते का खरं नाही हे समजायला आनुवंशिकतेचं थोडंसं शास्त्र पुरतं. ते शास्त्र घराघरात पोहोचलं, तर पुढच्या कितीतरी मुलांचं आयुष्य इस्पितळाच्या कॅलेंडरपासून वाचू शकतं.

नाक दादाचं, डोळे नानीचे

बाळ जन्माला आलं की घरातल्या बायका आधी हेच पाहतात. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, बोटं कुणासारखी. हे साम्य येतं कुठून?

आपलं शरीर अब्जावधी पेशींचं बनलेलं आहे. बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा एक अतिशय बारीक, लांब धागा असतो. एका पेशीतला सगळा डीएनए उलगडून सरळ केला तर तो सुमारे दोन मीटर भरेल. इतका लांब धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत गुंडाळून ठेवलेला असतो. या गुंडाळ्यांना गुणसूत्रं म्हणतात. माणसाच्या पेशीत ती 46 असतात, म्हणजे 23 जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून आलेलं, एक वडिलांकडून.

डीएनएची रचना पिळलेल्या शिडीसारखी आहे, हे 1953 साली जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी मांडलं. त्यासाठी रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत घेतलेल्या क्ष-किरण चित्राचा मोठा आधार होता. या शिडीच्या पायऱ्या फक्त चार रासायनिक घटकांच्या आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांनी ओळखतात. माणसाच्या डीएनएच्या एका संचात अशी सुमारे 300 कोटी अक्षरं असतात.

या लांबलचक मजकुरातला एखादा अर्थपूर्ण तुकडा, जो शरीराला एखादं प्रथिन कसं बनवायचं ते सांगतो, त्याला जनुक म्हणतात. माणसात प्रथिनं बनवणारी अशी सुमारे 20,000 जनुकं आहेत. कुठलं जनुक केसांच्या रंगाशी संबंधित, कुठलं इन्सुलिनशी, कुठलं रक्तातल्या हिमोग्लोबिनशी. गुणसूत्रं जोडीने असल्यामुळे बहुतेक जनुकांच्याही आपल्याकडे दोन प्रती असतात, एक अम्मीची, एक अब्बांची.

एका नुक्त्याचा फरक

पेशी दुभंगते तेव्हा हा सगळा मजकूर पुन्हा लिहून काढावा लागतो. पूर्वी कातिब हाताने किताबत करत, तसंच हे काम. पेशीतली यंत्रणा अतिशय सावध असते आणि लिहिल्यावर चुका तपासतेही. तरी क्वचित एखादं अक्षर बदलतं, गळतं किंवा जास्तीचं येतं. यालाच उत्परिवर्तन, म्हणजे म्युटेशन म्हणतात. किरणोत्सर्ग आणि तंबाखूच्या धुरातली काही रसायनं यांच्यामुळेही असे बदल होतात. पण बरेचसे बदल नक्कल करताना आपोआप होतात. आई-वडिलांत नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल प्रत्येक नवजात बाळात असतातच. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात आणि त्यांचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

पण बदल नेमक्या जागी झाला, तर अर्थ पालटतो. ज्यांना उर्दू लिहिता येतं त्यांना हे चटकन कळेल. 'दुआ' आणि 'दगा' हे दोन शब्द उर्दूत लिहिले तर फरक फक्त एका नुक्त्याचा.

हिमोग्लोबिनचंच पाहा. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवणारं हे लाल प्रथिन. त्याचा एक भाग, बीटा ग्लोबिन, बनवण्याची कृती 11 व्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. या जनुकात एका ठरावीक जागी एकच अक्षर बदललं, ए च्या जागी टी आलं, तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. हा सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात तो बराच आढळतो. याच जनुकात दुसऱ्या काही जागी चूक असली, तर बीटा ग्लोबिन फार कमी बनतं किंवा बनतच नाही. हा बीटा थॅलेसेमिया.

गर्भात आणि जन्मानंतरचे काही महिने बाळाकडे वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन असतं, त्याला बीटा ग्लोबिन लागत नाही. म्हणूनच सुरुवातीला बाळ निरोगी दिसतं आणि सहा महिन्यांनंतर, कधी वर्ष-दीड वर्षाने, फिकं पडू लागतं. नजर लागलेली नसते. पहिल्या हिमोग्लोबिनचा काळ संपलेला असतो आणि दुसरं तयारच होत नसतं.

मायनर आणि मेजर

आता त्या कडवट वाक्याकडे येऊ.

बीटा ग्लोबिनच्या दोन प्रतींपैकी एक चुकीची आणि एक बरोबर असेल, तर बरोबर प्रत काम निभावून नेते. अशी व्यक्ती आजारी नसते. हिमोग्लोबिन थोडं कमी असेल, इतकंच. ती शिकते, नोकरी करते, रोजे ठेवते, बाळंत होते. तिला वाहक म्हणतात किंवा थॅलेसेमिया मायनर. भारतात साधारण दर 100 माणसांत तीन-चार माणसं अशी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत हे प्रमाण आणखी जास्त आहे.

मेजर आजार होतो तो दोन्ही प्रती चुकीच्या असल्यावरच. म्हणजे एक चुकीची प्रत अम्मीकडून आणि एक अब्बांकडून आलेली असल्यावर. एकट्या आईमुळे थॅलेसेमिया मेजर होत नाही. "तुझ्या माहेरचं रक्त" म्हणणाऱ्या घरातही तीच चूक पिढ्यान् पिढ्या गुपचूप चालत आलेली असते. कुणी आजारी पडलं नव्हतं, कारण तोवर दोन वाहक एकमेकांना भेटले नव्हते. (मुलगा की मुलगी याबाबतही हाच अन्याय होतो. ते ठरवणारं गुणसूत्र वडिलांकडून येतं, आणि बोलणी खाते सून.)

आई-वडील दोघेही वाहक असतील तर काय होतं? प्रत्येक जण बाळाला आपल्या दोन प्रतींपैकी एकच देतो. कुठली, ते क्रिकेटच्या टॉससारखं असतं. त्यामुळे दर गरोदरपणात चारपैकी एक शक्यता मेजरची, चारपैकी दोन वाहकाची आणि चारपैकी एक पूर्ण निर्दोष बाळाची. ऑस्ट्रियातल्या मठात वाटाणे लावून ग्रेगर मेंडेल यांनी 1866 साली आनुवंशिकतेचा हाच हिशोब जगापुढे मांडला होता.

इथे एक गैरसमज घात करतो. "पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील," असं लोक धरून चालतात. टॉसला मागचा टॉस आठवत नाही. पाव शक्यता दर वेळी नव्याने तेवढीच असते. एकाच घरात दोन-दोन मुलं मेजर असतात, ती म्हणूनच. उलट एक वाहक आणि एक वाहक नसलेला असं जोडपं असेल, तर त्यांचं एकही मूल मेजर होणार नाही.

नात्यातला निकाह

चुलत, मामे, आते, मावस भावंडांतला निकाह शरीअतने जायज ठेवला आहे. कुणाशी निकाह हराम, याची यादी सूरह निसामध्ये आहे आणि तीत ही भावंडं नाहीत. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत अनेक हिंदू घरांतही मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. तेव्हा ही केवळ आपलीच गोष्ट आहे, असं कुणी समजू नये. पण जायज म्हणजे वाजिब नव्हे. खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांचे निकाह नात्यातही झाले आणि दूरच्या कबिल्यांतही झाले.

नात्यातल्या निकाहने नवा दोष जन्माला येत नाही. फक्त एकच जुना दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. एक हिशोब करून पाहू. समजा, दादा वाहक होते. त्यांच्या प्रत्येक मुलाकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी, म्हणून प्रत्येक नातवंडाकडे पाव. आता त्यांचा एक नातू आणि दुसऱ्या मुलाची मुलगी, म्हणजे त्याची चुलत बहीण, यांचा निकाह झाला. दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक. तोच नातू बाहेरच्या मुलीशी निकाह करतो आणि त्या मुलीच्या समाजात दर 100 मध्ये चार वाहक आहेत असं धरू. मग दोघेही वाहक असण्याची शक्यता शंभरात एक. सोळात एक आणि शंभरात एक, हा फरक मोठा आहे.

सर्व प्रकारचे जन्मजात दोष धरले तरी चित्र असंच दिसतं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची बरीच कुटुंबं राहतात. तिथल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या मुलांत जन्मजात दोषांचं प्रमाण साधारण तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेल्याचं त्यात दिसलं. म्हणजे दुप्पट झालं, हे खरं. आणि अशी 100 पैकी सुमारे 94 मुलं या दोषांपासून मुक्त होती, हेही खरं. म्हणून नात्यात निकाह झालेल्या कुणाला घाबरवण्याचं कारण नाही. पण ज्या खानदानात पिढ्यान् पिढ्या नात्यातच रिश्ते होत आले, एखादं मूल लहानपणीच गेलं, कुणाला सारखं रक्त चढवावं लागलं, तिथे पुढचा रिश्ता नात्यात करण्याआधी तपासणी न करणं हा निष्काळजीपणा आहे.

उंटांचा प्रश्न

"जे नशिबात आहे ते होणार, तपासणी कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर आपल्याच परंपरेत आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आला आहे. एक खेडूत प्रेषितांकडे (स.) येतो. त्याच्या पत्नीला सावळा मुलगा झालेला असतो आणि त्याच्या मनात संशय असतो. प्रेषित (स.) त्याला रागावत नाहीत, त्याच्या उंटांविषयी विचारतात. उंट कुठल्या रंगाचे? तांबडे. त्यांत एखादा करड्या रंगाचा आहे का? आहे. मग तो कुठून आला? खेडूत स्वतःच म्हणतो की, कुठल्यातरी पूर्वजाच्या वंशातून आला असेल. तुझ्या मुलाचंही तसंच असेल, असं प्रेषित (स.) त्याला समजावतात. पिढ्यांमागे दडलेला गुण अचानक वर येतो, हे त्या माणसाला त्याच्या रोजच्या अनुभवातून पटलं आणि एका स्त्रीवरचा आळ टळला. थॅलेसेमियाच्या घरातल्या सुनेला आज याच समजूतदारपणाची गरज आहे.

दुसरा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांचा. शामच्या वाटेवर असताना पुढे साथ पसरल्याचं कळलं, तेव्हा सल्लामसलत करून ते माघारी वळले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असं विचारलं गेल्यावर त्यांनी उत्तर दिलं की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. तपासणी करून घेणारे आई-वडील याहून वेगळं काही करत नाहीत.

इराणमध्ये 1997 पासून निकाहआधी थॅलेसेमियाची तपासणी देशभर होते. सौदी अरेबियात 2004 पासून सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी केल्याशिवाय निकाहची कागदपत्रं पूर्ण होत नाहीत. दोघेही वाहक निघाले तरी सौदीत निकाहला मनाई नाही. त्यांना समुपदेशन मिळतं आणि निर्णय त्यांच्याच हाती राहतो.

कुठली तपासणी, केव्हा?

पहिली पायरी साधी सीबीसी, जी आपण ताप आला तरी करतो. तिच्यात एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार 80 पेक्षा कमी आणि एमसीएच 27 पेक्षा कमी दिसलं, तर सावध व्हावं. दुसरी पायरी एचपीएलसी नावाची तपासणी. तिच्यात हिमोग्लोबिन ए-टू 3.5 टक्क्यांपेक्षा जास्त आलं, तर ती व्यक्ती बहुधा बीटा थॅलेसेमियाची वाहक असते. दोन्ही तपासण्या हातातल्या नसेतून घेतलेल्या थोड्याशा रक्तावर होतात आणि आयुष्यात एकदाच कराव्या लागतात. शरीरात लोह फार कमी असेल तर ए-टूचा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून अहवाल डॉक्टरांना दाखवूनच निष्कर्ष काढावा.

आपल्या घरातल्या बायकांसाठी एक महत्त्वाची सूचना. "रक्त कमी आहे" म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर एचपीएलसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. वाहक व्यक्तीचं रक्त लोहाअभावी कमी नसतं, त्यामुळे गरज नसताना घेतलेल्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

तपासणीची सर्वांत चांगली वेळ म्हणजे रिश्त्याची बोलणी सुरू होण्याआधी, दहावी-बारावीनंतर. मंगनी झाल्यावर, पाहुण्यांना कळवून झाल्यावर अहवाल आला, तर तो कुणालाच ऐकायचा नसतो. आधी माहीत असलं की साधा नियम पाळता येतो. वाहकाने वाहक नसलेला जोडीदार पाहावा. रक्तगट जुळण्याशी याचा काही संबंध नाही.

वाहक असणं हा ऐब नाही. तो कुणाला लागत नाही, वयाबरोबर मायनरचा मेजर होत नाही. कुणाचा अहवाल आपल्या कानावर आला, तर तो अमानत समजून जपावा. मोहल्ल्यात त्याची चर्चा करणं म्हणजे गीबतच, आणि त्या भीतीनेच लोक तपासणी टाळतात.

निकाह झाला असेल तर

दोघेही वाहक आहेत हे निकाहनंतर कळलं, तरी मार्ग बंद होत नाहीत. गरोदर राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावं. साधारण 11 ते 13 व्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन बाळ मेजर आहे का ते पाहता येतं. पुढे 15 व्या आठवड्यानंतर गर्भजलाचीही तपासणी होते. नोंदणीकृत केंद्रांत आजारासाठी अशी तपासणी करणं कायदेशीर आहे. लिंग सांगणं मात्र गुन्हा आहे.

बाळ मेजर निघालं तर पुढे काय, हा सर्वांत जड प्रश्न. मक्केतल्या राबिता-ए-आलमे-इस्लामीच्या फिकह अकादमीने 1990 साली एक निर्णय दिला. 120 दिवसांच्या आत, विश्वासू तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाने गर्भात गंभीर, उपाय नसलेला दोष असल्याचं सिद्ध केलं आणि आई-वडिलांनी मागणी केली, तर गर्भपाताची मुभा आहे, असा त्याचा आशय. इराणने 2005 साली याच मुदतीत कायद्याने परवानगी दिली. सर्व उलेमांचं यावर एकमत नाही. म्हणून डॉक्टर आणि ज्यांच्यावर विश्वास आहे असे मुफ्ती, दोघांशी वेळेत बोलावं. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, फिकहचे 120 दिवस गर्भधारणेपासून, हे दोघांशी बोलताना लक्षात ठेवावं. उशीर झाला तर विचार करायला वेळच उरत नाही. निकाहआधीची तपासणी मोलाची, ती यासाठी. ती केली तर या प्रश्नापर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

जी मुलं आज आपल्यात आहेत

थॅलेसेमियाची मुलं ओझं नाहीत. वेळेवर रक्त आणि शरीरात साठणारं जादा लोह काढणारी औषधं नियमित मिळाली, तर ती शिकतात, कमावतात, संसारही करतात. सारखं रक्त चढवल्याने हृदय, यकृत आणि ग्रंथींत लोह साचतं, म्हणून लोह काढणारं औषध रक्ताइतकंच जरुरी. पुष्कळ घरांत रक्ताची तारीख पाळली जाते आणि गोळ्या मात्र चुकतात. सख्ख्या भावंडाचा अस्थिमज्जा जुळला तर प्रत्यारोपणाने आजार कायमचा बरा होऊ शकतो. तो जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारपैकी एक असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या तिन्हींचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढून घ्यावं.

मे महिन्यात कॉलेजांना सुट्टी लागली की रक्तपेढ्यांत टंचाई होते आणि या मुलांच्या अम्मी-अब्बांची धावपळ सुरू होते. आपल्या मोहल्ल्यातल्या तरुणांनी तेव्हा एक रक्तदान शिबिर घेतलं, तर किती मुलांची तारीख चुकणार नाही. त्याच मांडवात वाहक तपासणीची सोय एखाद्या प्रयोगशाळेच्या मदतीने करता येईल. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी दोन मिनिटं यावर बोलावं, असा आग्रह धरायलाही हरकत नाही.

रिश्ता आला की आपण विचारतो, मुलगा काय करतो, मुलगी किती शिकली, घराणं कसं आहे. या यादीत आणखी एक प्रश्न घाला, "एचपीएलसी झाली आहे का?" पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळेल. म्हणून सुरुवात आपल्याच मुलापासून, आपल्याच मुलीपासून करा. आपला अहवाल आधी पुढे ठेवला की समोरच्याला वाईट वाटत नाही.